पीजे गेली, आता तिचं काय काय वाचवता येईल?

जळगाव जिल्ह्यातली पाचोरा–जामनेर नॅरोगेज (अरुंद रुळांची गाडी), म्हणजे आपली पीजे, मार्च २०२०मध्ये टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. आता त्या मार्गाचं ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा मार्ग, करायचं आणि जामनेरवरून तो बोदवडपर्यंत न्यायचा, असा एकूण ८४ किलोमीटरचा प्रकल्प आहे. त्याची बातमी आली की एक गट म्हणतो 'पीजे वाचवा' आणि दुसरा म्हणतो 'भंगार गेलं, सुटलो'. दोघांच्याही बोलण्यात काय वाचवायचं, कुणाकडे मागायचं, कधी मागायचं, हे नसतं.

धावती गाडी वाचणार नाही, हे आधीच मान्य करावं. पण रेल्वेमार्ग म्हणजे नुसती गाडी नव्हे. नव्या रुळांना न लागणारे जुन्या भरावाचे, म्हणजे रुळांखालच्या मातीच्या बांधाचे, तुकडे, त्यांवरच्या दगडी मोऱ्या, रुळांचे नमुने, एखादं इंजिन, दोन डबे आणि कपाटांतले कागद एवढं वाचू शकतं. मात्र लिलावाच्या याद्या तयार होण्याआधी हालचाल हवी. यादी झाली की मामला संपला.

पीजे का मेली हे समजून घ्यायला चाळीसगाव–धुळे फाटा शेजारी ठेवून पाहावा. १९०० साली सुरू झालेला हा फाटाही साधारण पीजेच्या ५६ किलोमीटरएवढ्याच लांबीचा, दुसऱ्या टोकाला असाच बंद आणि तोही कापसाच्याच मुलखातला. पण तो पहिल्यापासून ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटर मापाचा. मुंबईची वाघीण, म्हणजे मालडबा, चाळीसगावला काटा बदलून थेट धुळ्याला जाऊ शके. आज त्या मार्गावर वीज आहे आणि मेमू ही विजेवरची गाडी धावते. पाचोरा–जामनेर १९१९च्या सुमाराचा, माप ७६२ मिलिमीटर. मुख्य मार्गावरची एकही वाघीण त्यावर चढू शकत नव्हती. जामनेर किंवा शेंदुर्णीच्या जिनिंगमधली गाठ पाचोऱ्याला उतरवायची आणि पुन्हा मोठ्या वाघिणीत चढवायची. रुईची गाठ साधारण १७० किलोची, आणि एका मोठ्या वाघिणीचा माल अनेक छोट्या वाघिणींतून येणार. हमाली दुप्पट, वेळ दुप्पट, पावसात भिजण्याची धास्ती वेगळी. ट्रक जिनिंगच्या दारात येऊ लागला त्या दिवशी या मार्गाची मालवाहतूक संपली. उरले प्रवासी, आणि त्यांचं तिकीट एसटीच्या मानाने किरकोळ.

त्यानंतर जे होतं ते सगळ्याच छोट्या मार्गांवर होतं, पण खानदेशच्या काळ्या मातीत ते लवकर होतं. ही माती उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि पावसात फुगते. भरावाखाली ती असेल आणि वर खडीचा थर पातळ असेल, तर गाडीच्या दर दणक्याला खालचा चिखल खडीत वर चढतो. चिखलाने माखलेली खडी पाणी सोडत नाही. मग सांधे बसतात. जुने रूळ आखूड, म्हणून सांधे जास्त, आणि सांधा बसला की दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटचे बोल्ट सैल होतात, रुळाचं टोक झिजतं, रुळांखालचा पुढचा आडवा स्लीपर हलतो. खडी उपसून चाळणं, खाली मुरूम किंवा वाळूचा थर देणं आणि बाजूची गटारं उघडी ठेवणं हा त्यावरचा इलाज. त्याला माणसं लागतात. कमाई नाही म्हणून माणसं मिळत नाहीत, माणसं नाहीत म्हणून वेगावर बंधन येतं, वेग उतरला की प्रवासी वडाप धरतात आणि कमाई आणखी घटते. ५६ किलोमीटरला जवळपास दोन तास लागू लागले, ते इंजिनात दम नव्हता म्हणून नाही.

इंजिन-डब्यांचं दुखणं वेगळं होतं. हा मार्ग दुसऱ्या कुठल्याही नॅरोगेजला जोडलेला नव्हता. मोठ्या दुरुस्तीला डबा न्यायचा तर तो रस्त्यावरच्या ट्रेलरवर किंवा ब्रॉडगेजच्या सपाट वाघिणीवर चढवूनच. नॅरोगेजचा ब्रेक व्हॅक्यूमचा, आणि मुख्य मार्ग केव्हाच एअर ब्रेकवर गेला. व्हॅक्यूम सिलिंडरचे रबरी रिंग, होज पाइप, मधल्या एकेरी बफर-कपलरचे पिन हे सगळं तेवढ्यापुरतं मुद्दाम बनवून घ्यावं लागतं. दहा नग बनवून द्यायला कुठला कारखानदार तयार होतो?

'बिलिमोरा–वघईची गाडी वाचली, मग आपली का नाही?' असं हमखास विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. तोही ७६२ मिलिमीटरचाच, ६३ किलोमीटरचा मार्ग. २०२०मध्ये थांबला आणि २०२१मध्ये पर्यटकांसाठीचा डबा लावून पुन्हा सुरू झाला. फरक भूगोलाचा आहे. वघई डांगच्या जंगलाच्या तोंडाशी आहे, तिथे लोक गाडीत बसण्यासाठीच गाडीत बसतात. पीजे कपाशी-मक्याच्या सपाट शिवारातून जायची आणि वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, जामनेर या गावांना पर्यटक नको, जळगाव-भुसावळ-मुंबईची जोड हवी आहे. त्या गावांची मागणी खोडून काढण्याजोगी नाही. अजिंठा लेणी पहूरहून जवळ आहेत, त्या जोरावर वारसा-गाडी चालली असती असं काहीजण म्हणतात. पण लेण्यांना येणारा पर्यटक पाचोऱ्याला उतरून, नॅरोगेजने पहूर गाठून, तिथून पुन्हा रस्त्याने लेण्यांजवळचं फर्दापूर गाठेल, हे काही पटत नाही.

गेजबदल म्हणजे जुने रूळ काढून तिथेच रुंद रूळ ठोकायचे, असा समज आहे. तसं नसतं, आणि वाचवण्याची संधी इथेच सापडते. वळणाचा अंश काढायला रेल्वेत साधं सूत्र आहे: १७५० भागिले त्रिज्या, त्रिज्या मीटरमध्ये. नॅरोगेजवर ४० अंशांपर्यंतचं, म्हणजे सुमारे ४४ मीटर त्रिज्येचं वळण चालतं. ब्रॉडगेजची मर्यादा १० अंश, म्हणजे १७५ मीटर. आणि नवा मार्ग आखताना वेगासाठी त्याहून कितीतरी सपाट वळण घेतात. समजा जुनी वाट एका जागी ४० अंशांनी दिशा बदलते आणि तिथे त्रिज्या २०० मीटर आहे. नवं वळण दोन अंशांचं, म्हणजे ८७५ मीटर त्रिज्येचं केलं, तर वळणाचा मध्य जुन्या जागेपासून सुमारे ४३ मीटर आत सरकतो आणि नवं वळण जुन्याच्या अंदाजे २४५ मीटर आधीच सुरू होतं. मधला जुना भराव, त्यावरची मोरी, गेटमनची खोली हे सगळं नव्या मार्गाच्या बाहेर पडतं. जमीन रेल्वेचीच राहते. वाचवायला जागा शोधायची ती अशा सुटलेल्या वळणांवर. स्थानकांच्या आवारात शोधाल तर नवा फलाट, नवी इमारत आणि पादचारी पूल ती जागा खाणारच.

कोणती वळणं सुटतील हे आधीच ओळखता येतं. २० मीटरची न ताणणारी दोरी घ्यावी, बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला दोन्ही टोकं धरावीत आणि दोरीच्या बरोबर मध्यावर दोरी ते रूळ अंतर मिलिमीटरमध्ये मोजावं. ५०,००० भागिले ते अंतर, की त्रिज्या मीटरमध्ये मिळते. अंतर २५० मिलिमीटर आलं तर त्रिज्या २०० मीटर. एका वळणावर निदान पाच ठिकाणी मोजून सरासरी घ्या, कारण जुना रूळ सांध्यापाशी कोपरा धरतो आणि एकाच ठिकाणचं माप फसवतं. रूळ आधीच उचलले असतील तर उपग्रहाच्या नकाशावर भरावाची रेघ दिसते, तिच्यावर तीन बिंदू घेऊन वर्तुळ बसवता येतं. फक्त पीक उभं असताना ती रेघ हरवते. एप्रिल-मेची प्रतिमा निवडावी.

भराव वापरातच राहिला तरी रुंदी बदलतेच. ब्रॉडगेजच्या एकेरी मार्गाला भरावाचा माथा ७.८५ मीटर लागतो, नॅरोगेजचा जेमतेम त्याच्या निम्मा. त्यामुळे जुन्या मोऱ्या लांबवतात किंवा पाडून त्या जागी काँक्रीटच्या पेट्या बसवतात. दगडी मोरीची नोंद काम सुरू होण्याआधीच व्हायला हवी. किलोमीटर व पुलाचा क्रमांक, गाळा किती मीटरचा, कमान आहे की सपाट फरशी, दगड घडीव की ओबडधोबड, चुना की सिमेंट, पाणी कोणत्या नाल्याचं, एवढं लिहावं. प्रत्येक मोरीचे चार फोटो पुरतात: दोन्ही तोंडं, वरून एक, आतून एक. फोटोत मापाची पट्टी असावी. नुसता सूर्यास्ताचा फोटो अभ्यासाच्या कामाचा नाही. असे फोटो समाजमाध्यमांवर ढिगाने आहेत आणि त्यांतून मोरी कुठली हेसुद्धा कळत नाही.

रुळांवर छाप असतो, तो वाचायला शिकावं. रुळाच्या पोटावर, म्हणजे मधल्या उभ्या पट्टीवर, ठरावीक अंतराने उठावाची अक्षरं येतात: प्रकार किंवा वजन, कारखान्याचं नाव, साल, कधी महिना आणि एक बाण. ५०आर म्हणजे यार्डाला ५० पौंडांचा, मीटरला २४.८० किलो, ६०आर मीटरला २९.७६ किलो. आज ब्रॉडगेजला ६० किलोचा रूळ वापरतात, तो आकडा किलोचा आहे आणि हा पौंडांचा, यात लोक गोंधळतात. छोट्या मार्गांवर नवे रूळ क्वचितच येत, दुसरीकडून उतरवलेले जुने रूळ इथे घालत. म्हणून रुळावरचं साल मार्ग सुरू झाल्याच्या सालाआधीचं निघालं तरी चक्रावून जाऊ नये, आणि त्या सालावरून मार्गाचं वयही ठरवू नये. छाप गंजाखाली दबलेला असतो. तारेच्या ब्रशने हलकं घासून खडू चोळावा, सकाळी किंवा सायंकाळी तिरप्या उन्हात फोटो घ्यावा. पातळ कागद ठेवून मेणाच्या कांडीने ठसा काढला तर तो फोटोपेक्षा स्पष्ट येतो. सोबत स्लीपर लाकडी, पोलादी की बीडाचे हे लिहावं. सीएसटी-९ या बीडाच्या स्लीपरमध्ये दोन थाळ्या, मध्ये टायबार, रूळ धरायला चावी आणि कॉटर असतो. चावीवाला रोज हातोडा घेऊन फिरे तो याच चाव्या ठोकत.

यातलं काहीही घरी आणायचं नाही. एक फिशप्लेट किंवा मोडकी चावीसुद्धा रेल्वेची मालमत्ता आहे आणि १९६६च्या रेल्वे मालमत्ता कायद्याखाली ती बाळगणं हा गुन्हा आहे. गाडी बंद आहे म्हणून रुळांवर बिनपरवाना फिरणंही १९८९च्या रेल्वे कायद्यात बसत नाही. पाहणीसाठी लेखी परवानगी घ्यावी. गटाची यादी, तारीख आणि कोणत्या स्थानकांदरम्यान हे अर्जात लिहिलं की काम सोपं होतं.

नमुने मागायचे ते संस्थेच्या नावाने. नगरपरिषद, नगरपंचायत, ग्रामपंचायत किंवा महाविद्यालयाने ठराव करून मागितलं तर फाइल हलते, हौशी गटाच्या निवेदनावर 'नोंद घेतली' एवढाच शेरा पडतो. अर्ज भुसावळच्या मंडळ रेल्वे व्यवस्थापकांकडे आणि त्याची प्रत बांधकाम विभागाकडे, कारण गेजबदलाचं काम मंडळ करत नाही, बांधकाम विभाग करतो, आणि उचललेलं साहित्य कोणाच्या ताब्यात यावर दोघांत पत्रव्यवहार चालतो. तिसरी प्रत भांडार विभागाला. भंगार विकतो तो हा विभाग. साहित्य मोजून लॉट पाडतात आणि ई-लिलावात टाकतात. लॉटमध्ये गेलेली वस्तू परत काढणं जवळजवळ अशक्य असतं, म्हणून अर्जात 'काही जुन्या वस्तू मिळाव्यात' असं मोघम लिहू नये. छाप असलेला रूळ १ मीटरचा, नग ४, बीडाचा स्लीपर जोड, नग २, काट्याचा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवतो त्याचा) एक पूर्ण संच लीव्हरसकट, स्थानकाची नामफलकं, प्रत्येक स्थानकाचं एक, तिकिटांचं कपाट, मार्गावर एकच गाडी चालवण्यासाठी चालकाकडे देत तो लाकडी दांडा असल्यास तो, असं नगवार मागावं. एक मीटर रूळ २५ किलोचा असतो, नेण्याची व्यवस्थाही लिहावी.

इंजिन मागण्याचा मोह सगळ्यांना होतो. मागावं, पण ठेवण्याची ऐपत असेल तरच. चौकात चौथऱ्यावर उभं केलेलं इंजिन चार-पाच वर्षांत कुजतं, याची उदाहरणं महाराष्ट्रभर आहेत. नॅरोगेजची डिझेल इंजिनं झेडडीएम मालिकेतली. झेड म्हणजे ७६२ मिलिमीटर माप, डी डिझेल, एम मिश्र वाहतूक. ती डिझेल-हायड्रॉलिक असतात, इंजिनाची ताकद कार्डन शाफ्टने, म्हणजे फिरत्या दांड्याने, चाकांकडे जाते. हलवण्याआधी हे शाफ्ट सोडवावे लागतात, नाहीतर ओढताना ट्रान्समिशन कोरडं फिरतं. डिझेल, वंगण, ट्रान्समिशनचं तेल आणि रेडिएटरचं पाणी पूर्ण काढावं. बॅटऱ्या काढाव्यात, त्यांचं आम्ल खालचा पत्रा खातं. वाळूच्या पेट्या रिकाम्या कराव्यात. वाळू ओल धरते आणि पेटी आतून कुजते, हे हमखास विसरलं जातं.

चौथरा उंच नको. ४०-५० सेंटिमीटर पुरे, आणि वर सिमेंट नको तर खडी. रूळ काँक्रीटमध्ये पुरले की रुळाच्या पायाशी आणि चाकाच्या कडेला पाणी साचतं आणि गंज तिथून सुरू होतो. खडीखालून पाणी बाहेर नेणारा पाइप हवा. चाकांना दोन्हीकडून अडकण, ब्रेक सोडलेले, स्प्रिंगांवरचा भार लाकडी ठोकळ्यांवर. धुराड्याचं तोंड पत्र्याने झाकावं. इंजिनाच्या खोलीची दारं वेल्ड करून बंद करू नयेत, बोल्ट लावावेत आणि जाळीतून हवा खेळू द्यावी. बंद पेटीत रात्री घाम धरतो. वर छप्पर पाहिजेच, तेही इंजिनाच्या दोन्ही बाजूंना मीटरभर पुढे आलेलं. जळगावकडे पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, तो फार नाही. पण मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन रंग आणि रबर दोन्ही फोडतं.

रंगाबद्दल. पहिला हात मारण्याआधी इंजिनाच्या प्रत्येक पाटीचा, क्रमांकाचा आणि कारखान्याच्या शिक्क्याचा फोटो घ्यावा. मग बाजूला कुठेतरी तळहाताएवढी जागा पॉलिशपेपरने हळूहळू घासावी. जुन्या रंगांचे थर एकाखाली एक वर्तुळात उघडतात, त्यांची नोंद म्हणजे त्या इंजिनाचा रंगांचा इतिहास. त्यानंतर गंज साफ, प्रायमर, आणि वर त्याच थरांतल्या एखाद्या रंगाचे दोन हात. बहुतेक ठिकाणी समिती झेंड्याचे रंग नाहीतर भडक निळा फासते आणि क्रमांक अंदाजाने लिहिते. तसं करायचं असेल तर इंजिन न घेतलेलं बरं.

डबे वाचवणं इंजिनापेक्षा कठीण. फळ्यांना वाळवी लागते ती बहुतेक वेळा जमिनीकडून, म्हणून डबा रुळांवरच ठेवावा आणि खालचं गवत वाढू देऊ नये. छताच्या सांध्यांतून पाणी झिरपतं, ते आतल्या फळ्यांत उतरतं आणि बाहेरून वर्षभर काही दिसत नाही. पावसाळ्यानंतर आत जाऊन छताच्या कोपऱ्यांत बोटाने दाबून पाहावं. लाकूड दबलं तर ती फळी बदलावी. जवसाचं तेल वर्षातून एकदा. एकच डबा घेऊन तो नीट राखणं तीन डबे उन्हात ठेवण्यापेक्षा उपयोगी.

माझ्या मते या सगळ्याहून मोलाचे आणि सर्वांत आधी नष्ट होणारे आहेत ते कागद. भूसंपादनाचे नकाशे, पूल-मोऱ्यांची नोंदवही, रूळ राखणाऱ्या गँगच्या हजेऱ्या, स्थानकाच्या नोंदवह्या, कामकाजी वेळापत्रकं, माल आणि तिकिटांचे हिशेब. रेल्वेत कागदांना आयुष्य ठरवून दिलेलं असतं, मुदत संपली की ते नियमाने नष्ट करतात. त्यात कुणाचा दोष नाही. कापूस कोणत्या महिन्यात किती गेला, शेंदुर्णीच्या त्रिविक्रमाच्या रथोत्सवाला किती जादा तिकिटं फाटली, ट्रक आल्यावर आकडा कधी पडला, हे फक्त त्या वह्यांत सापडतं. मूळ वही मिळणं अवघड असलं तरी प्रत काढायची परवानगी मागता येते. मजकुराची पानं ३०० डीपीआयवर, नकाशे आणि फोटो ६०० वर स्कॅन करावेत. कोरी पानंसुद्धा सोडू नयेत, नाहीतर क्रम तुटतो. फाइलच्या नावात स्थानक, वहीचा प्रकार, साल आणि पान क्रमांक असावा. दोन प्रती दोन गावांत ठेवाव्यात. मोबाइलने काढायचं तर पान सपाट दाबून, सावली न पाडता, बरोबर वरून.

जुनी पुठ्ठ्याची तिकिटं घरोघरी सापडतात. ती साधारण ५७ बाय ३० मिलिमीटरची असतात, तारखेचा ठसा दाबून उमटवलेला असतो आणि तो तिरप्या उजेडातच दिसतो. ती चिकटपट्टीने वहीत लावू नका, पट्टीचा डिंक काही वर्षांत पुठ्ठ्यात उतरून अक्षरं पिवळी करतो. नाण्यांच्या अल्बमचे पीव्हीसीचे कप्पेही नकोत. आम्लविरहित कागदाच्या छोट्या पाकिटात ठेवावीत आणि पाकिटावर पेन्सिलने लिहावं: कुठून कुठे, कोणाकडून मिळालं, कोणत्या साली.